बाईंना विचारा : गुगलवरचं आपलं नाव आणि सातवीचा ब्लॉग

या वेळी तीन पत्रं घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण हेच विचारणारी पत्रं बऱ्याच जणींकडनं येतायत, म्हटलं एकदा नीट बसून लिहू.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली, सांगलीत बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड मराठी आणि इतिहास. सध्या एका हायस्कूलमध्ये इंटर्नशिप चालू आहे. माझं इन्स्टाग्राम अकाउंट अकरावीपासूनचं आहे, त्यात गॅदरिंगच्या डान्सचे रील आहेत, मैत्रिणींबरोबरचे फोटो आहेत आणि एकदोन ठिकाणी कमेंटमध्ये मी भांडलेली पण आहे. कॉलेजमधले एक सर म्हणाले, शिक्षक व्हायचंय तर सगळं डिलीट करा, संस्थावाले आधी मोबाईलवर नाव टाकून बघतात. खरंच सगळं पुसू का? दुसरं म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी सातवीच्या वर्गासाठी ब्लॉग काढ म्हणून सांगितलंय, मुलांचं लेखन त्यावर टाकायचं. मला आवडलंय पण भीती पण वाटते, फोटो, पालक, नियम यातलं मला काहीच माहीत नाही. आणि खरं सांगू का, खेड्यातल्या तीसपस्तीस पोरांनी लिहिलेलं वाचणार कोण?
— एक छात्राध्यापिका, तासगाव

उत्तर : लेकीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीच बोलते.

आधी नावाचं बघू. सर काळजीपोटी म्हणाले आणि नाव टाकून बघतात हे खरंच आहे. पवित्र पोर्टलमधनं, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या पोर्टलमधनं, विनामुलाखत लागलीस तर कदाचित कुणी बघणारही नाही, मुलाखतीच्या जागांना संस्थेतलं कुणीतरी बघेल, पण पालक नक्की बघतात, आणि सातवीतली पोरं तर पहिल्या दिवशी घरी गेल्या गेल्या आईच्या मोबाईलवर तुझं अकाउंट शोधून काढतात. म्हणून आज रात्री एक काम कर. मोबाईलवर इन्कॉग्निटो विंडो उघड, म्हणजे लॉगिन केल्याशिवाय बाहेरच्या माणसाला जे दिसतं ते तुला दिसेल, आणि तुझं नाव टाक, मराठीत, मग इंग्रजीत, मग आडनाव आधी लावून, मग गाव जोडून, मग मोबाईल नंबर टाकून. फोटोंचा टॅब पण बघ. जे दिसेल ते वहीत लिहून काढ, कारण आपल्याला वाटतं आपण इन्स्टावर आहोत आणि सापडतं मात्र भलतंच, कधीतरी टाकलेली नोकरीची जाहिरात नंबरसकट, कुठल्यातरी स्पर्धेच्या यादीत जन्मतारखेसकट नाव, असलं काय काय.

नाचलीस त्यात लाजण्यासारखं काही नाही. गॅदरिंगला नाचणारी पोरगी वर्ग सांभाळू शकत नाही असं म्हणणाऱ्यांचं मी कधी ऐकून घेतलं नाही, तूही घेऊ नकोस. अकाउंट प्रायव्हेट कर, फॉलोअरच्या यादीतनं अनोळखी माणसं काढ, कुणी टॅग केलं तर आधी तुला विचारलं जाईल अशी सेटिंग लाव, झालं. विद्यार्थ्यांच्या फॉलो रिक्वेस्ट मात्र घेऊ नकोस, ती पोरं शाळा पूर्ण करून बाहेर पडेपर्यंत तरी नाही, आणि हे त्यांना वर्गात सरळ सांग म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही.

भांडणाचं वेगळं आहे. चित्रपटावरनं, क्रिकेटवरनं भांडली असशील तर सोडून दे. पण रागाच्या भरात कुणाच्या जातीवरनं, दिसण्यावरनं, बोलण्याच्या ढंगावरनं काही लिहून गेली असशील तर ते आजच्या आज काढ. संस्थेचं राहू दे बाजूला, उद्या तुझ्या वर्गात तसंच बोलणारं एखादं पोर पहिल्या बाकावर बसणार आहे आणि त्यानं ते वाचलं तर ते तुला आयुष्यात परत प्रश्न विचारणार नाही.

पण सगळं पुसलंस तरी होतं काय, नाव कोरं होतं. कोऱ्या नावावरनं तू कशी शिकवतेस हे कुणाला कळणार? तुमची इंटर्नशिप दोन वर्षांत मिळून 20 आठवड्यांची असते. त्यातल्या पाचसहा पाठांबद्दल तू स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ब्लॉगवर लिही. पाठाचं टाचण जसंच्या तसं चिकटवू नकोस, टाचणं सगळ्यांची सारखीच असतात. काय ठरवून गेली होतीस आणि वर्गात काय झालं ते लिही. इतिहासाची आहेस ना, मग देवळामागचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे दगड, मुलांना दाखवले, कुणी विचारलं या दगडावरच्या माणसाच्या बाजूला गाय का, मला उत्तर आलं नाही, मी दुसऱ्या दिवशी वाचून आले, एवढं जरी लिहिलंस तरी ते वाचणाऱ्या मुख्याध्यापकाला तुझ्याबद्दल बायोडाटापेक्षा जास्त कळतं. उत्तर आलं नाही हे लिहायला घाबरू नकोस, त्यातच कळतं की बाई दुसऱ्या दिवशी वाचून येणारी आहे. फक्त कोणता मुलगा, कोणती शाळा, कोणाच्या घरी काय, हे त्यात येऊ द्यायचं नाही.

आणि उद्या जिल्हा परिषदेत लागलीस तर एक लक्षात ठेव, जुलै 2025 मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडियाबद्दल जीआर काढलाय. वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळी ठेवायची, सरकारी इमारत, गणवेश, चिन्ह वगैरे वापरून वैयक्तिक अकाउंटवर रील-फोटो टाकायचे नाहीत, सरकारी धोरणांवर प्रतिकूल टीका करायची नाही, असं त्यात आहे. हजर व्हायच्या आधी एकदा पूर्ण वाच.

आता ब्लॉग, ज्याच्याबद्दल मला खरं बोलायचंय.

मी खानापूर तालुक्यात होते, विट्याच्या पुढं. त्या पट्ट्यात घरटी एक माणूस गलाईला, म्हणजे बाप केरळात नाहीतर तमिळनाडूत सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, इकडं आई, आजी-आजोबा आणि पोरं. सहावीच्या एका मुलीनं विहिरीवर लिहून दिलं होतं, आपल्या निबंधांच्या साच्यातलं, आमची विहीर खूप सुंदर आहे, विहीर आपल्याला पाणी देते, पाणी म्हणजे जीवन, असं दहाबारा ओळी, आणि मधेच एका ओळीत विहिरीवर वाकलेला आंबा होता. मी ते वर्गाच्या ब्लॉगवर टाकलं, नाव न घालता, नुसतं 'सहावीतली एक विद्यार्थिनी'. लिंक पालकांच्या ग्रुपवर दिलेली होती. तिसऱ्या दिवशी खाली कमेंट आली, इंग्रजी अक्षरात टाइप केलेली, 'पाणी किती परस हाय आता? आंब्याच्या अंगची पायरी उघडी पडली का?' नाव नव्हतं तरी बापानं ओळखलं होतं, कारण त्या शिवारात वाकलेल्या आंब्याची विहीर त्यांचीच.

मी ती कमेंट वर्गात वाचून दाखवली. पोरगी त्या दिवशी संध्याकाळी आजोबांना घेऊन विहिरीवर गेली, आजोबांनी कासऱ्याला दगड बांधून आत सोडला आणि हिनं भिजलेला कासरा हातानं मोजला. दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल, आणि वर वीतभर. पायऱ्या वरनं मोजल्या, अकरावीपर्यंत कोरड्या होत्या आणि बाराव्या पायरीवर शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे उठले होते, आणि आजोबा म्हणाले गेल्या शिमग्याला पाणी हितवर होतं. हे सगळं तिनं लिहून आणलं, दीड पान, आणि त्यात 'सुंदर' हा शब्द एकदाही नव्हता. मी दोन वर्षं तिच्या वहीत लाल पेनानं 'सविस्तर लिही' असा शेरा मारत होते. सविस्तर म्हणजे काय हे तिला बापाच्या एका प्रश्नानं कळलं.

तर वाचणार कोण हा तुझा प्रश्न आहे ना, एकच वाचणारा पुरतो, पण त्याला खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं असलं पाहिजे. वहीतलं लेखन फक्त बाई वाचतात आणि बाईंना विहीर माहीत असते, म्हणून पोरं आपल्याला जे हवं ते लिहून देतात आणि आपण मार्क देतो. ब्लॉगनं एवढंच होतं की लिहिणाऱ्याच्या समोर एक माणूस येऊन बसतो ज्याला माहीत नाही.

ही गोष्ट नवी पण नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक खेड्यातले शिक्षक होते, पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, वर्गात फार वेळ बोलायला दम पुरायचा नाही. ते मुलांना घेऊन गावात हिंडायचे, विणकराकडं, सुताराकडं, आणि परत आल्यावर मुलं जे सांगतील ते लिहून घ्यायचे. 1924 च्या सुमाराला त्यांनी एक छोटं छपाईयंत्र वर्गातच आणलं, मुलं स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून आपलं लिहिलेलं छापायची आणि ती पानं पार फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला टपालानं जायची, तिथली पानं इकडं यायची. डोंगरातल्या पोरांनी समुद्रकाठच्या पोरांना लिहायचं म्हटल्यावर आपलं गाव नीट बघावंच लागतं. तुझ्या हातात त्यापेक्षा स्वस्त छपाईयंत्र आहे. तासगावच्या पोरांनी बेदाण्याच्या शेडबद्दल लिहावं आणि महाबळेश्वराकडच्या एखाद्या शाळेनं विचारावं की द्राक्षं वाळायला किती दिवस लागतात, ते एक वर्ष करून बघच.

आपल्याकडं 2015 नंतर, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम सुरू झाल्यावर, शिक्षकांनी ढिगानं ब्लॉग काढले, तंत्रस्नेही शिक्षक हा शब्दच तेव्हा रुळला. मेहनत होती त्यात, मी कमी लेखत नाही. पण ते ब्लॉग उघडलेस तर जीआर, चाचण्या, नमुना प्रश्नपत्रिका, शालार्थ या पगाराच्या प्रणालीची माहिती, सगळं शिक्षकांनी शिक्षकांसाठी. मुलानं लिहिलेला एक परिच्छेद शोधायला गेलं तर सापडत नाही. तुझ्या बाईंनी तुला मुलांचं लेखन टाक म्हटलंय, म्हणजे त्यांना कळलंय, त्यांना धरून राहा.

आता कसं करायचं ते. ब्लॉग तुझ्या जीमेलवर काढू नकोस. तू काही आठवड्यांनी तिथनं जाणार आणि मुलांचं लेखन तुझ्या अकाउंटमध्ये अडकून बसणार. शाळेच्या मेल आयडीवर काढ, पासवर्ड मुख्याध्यापकांकडं आणि मार्गदर्शक बाईंकडं. मुलांची अकाउंट काढायची नाहीत, गुगलचं अकाउंट स्वतः चालवायला 13 वर्षं पूर्ण लागतात आणि सातवीतली निम्मी पोरं त्याच्या आतली असतात. मुलांनी वहीत लिहायचं, मजकूर टाइप करून टाकायचा आपण. ब्लॉगर फुकट आहे, त्यात तीन सेटिंग पहिल्याच दिवशी लाव, सर्च इंजिनला ब्लॉग दिसू नये ही, कमेंट आपण पास केल्याशिवाय दिसू नये ही, आणि पालक सभेत कुणाला शंका असेल तर ब्लॉग फक्त बोलावलेल्या वाचकांना उघडेल ही. टाइप युनिकोडमध्येच कर, शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो ब्लॉगवर नुसता अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो.

पालकांची संमती लेखी घे, मराठीत, साध्या शब्दात, काय टाकणार, कुठं टाकणार, नको वाटलं तर कुणाला सांगायचं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांच्या आतल्या सगळ्यांना मूल धरतो आणि त्यांच्या माहितीला पालकांची संमती मागतो. कायदा नसता तरी मी घ्यायला लावली असती. आणि पालकांनी सही केली तरी शेवटी त्या मुलालाच विचारायचं, हे टाकू का? नको म्हणालं तर नाही टाकायचं, कारण विचारायचं नाही.

शुद्धलेखनावरनं तुझं आणि कुणाचं तरी वाजणारच आहे म्हणून माझं मत सांगून ठेवते. मुलानं स्वतः दोनदा वाचून जेवढं दुरुस्त होईल तेवढं करायला लाव, अर्थ बदलत असेल तिथं तू दाखव, पण आजोबा 'हितवर' म्हणाले तर ते 'इथपर्यंत' करू नकोस. त्या शब्दात ते आजोबा आहेत. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी प्रत्येक पोस्टची प्रिंट वर्गाच्या भिंतीवर लाव आणि आलेल्या कमेंट परिपाठात वाचून दाखव, नाहीतर चार पोरं वरचढ होतात आणि बाकीची गप्प. आठवड्याला तीनचारच टाक. रोज टाकायला गेलीस की तू टायपिस्ट होशील.

फोटोंबद्दल शेवटी लिहितेय कारण ते लिहायला मला जड जातं. 2019 च्या पुरात मी पलूस तालुक्यात होते. कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेली होती, 45 ला धोका पातळी, त्यावरनं समज काय झालं असेल. पाणी उतरल्यावर पुण्या-मुंबईकडनं वह्या, दप्तरं आली, वाटप झालं, मी फोटो काढले आणि फेसबुकवर टाकले, मनात एवढंच की देणाऱ्यांना पोचलं हे कळावं. आठवड्यानं आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आला, बराच वेळ दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, 'बाई, त्यातनं माझा फोटो काढा की. मी हात पसरलेला दिसतोय.' मी त्याच क्षणी काढला. पण तोवर तो तीन ग्रुपवर फॉरवर्ड झाला होता, कुणीतरी त्यावर मोठ्या अक्षरात मजकूर पण लिहिला होता. त्यानं मला नंतर कधी बोलून दाखवलं नाही. दहावीपर्यंत त्यानं माझ्या तासाला वर बघून उत्तर मात्र दिलं नाही, आणि तो माझा सगळ्यात हुशार मुलगा होता गं. तेव्हापासनं माझ्या वर्गाच्या पानावर चेहरा नाही. हात, वही, विहीर, कासरा, बेदाण्याची जाळी, हे सगळं टाक. चेहरे नकोत, आणि वहीतल्या चुकांचे फोटो हसायला म्हणून तर कधीच नकोत.

प्रश्न : बाई, मी कोरेगाव तालुक्यातल्या शाळेत शिक्षक आहे, निवृत्तीला चार वर्षं राहिली. मुलांना लिहायला सांगितलं की मोबाईलवर एआयला विचारून उतरवून आणतात. ब्लॉग केला तर तेच ब्लॉगवर जाईल, मग उपयोग काय?
— एक शिक्षक, कोरेगाव

उत्तर : गुरुजी, तुमची तक्रार रास्त आहे, पण यात विषयाचा पण दोष आहे. 'माझा आवडता ऋतू' यावर एआय आपल्या सगळ्यांपेक्षा गुळगुळीत लिहितं, कारण तो विषय आपणच पन्नास वर्षं घासून गुळगुळीत केलाय. मोबाईलला माहीत नाही असं विचारा. तुमच्याकडचा वाघ्या घेवडा, 2016 ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं एआय सांगेल. पण घरच्या वावरात या वर्षी घेवडा कधी टोकला, पाऊस कुठल्या आठवड्यात लांबला, मळणीला किती माणसं होती, आजीला दाण्यावरची नक्षी बघून काय आठवतं आणि कोरेगावच्या बाजारात त्या दिवशी भाव काय मिळाला, हे पोराला विचारूनच यावं लागतं. वर्गात बसून अर्धं लिहून घ्या, उरलेलं घरी माणसांना विचारून. आणि उतरवून आणलेलं सापडलं तर ओरडू नका, ते ब्लॉगवर टाकू नका एवढंच, आणि त्याला त्यातली एक ओळ दाखवून विचारा, हे तू बघितलंस का? बहुतेक पोरं तिथंच हसतात आणि वही परत मागतात.

चार वर्षं कमी नाहीत गुरुजी. तुमच्याकडं तीस वर्षांच्या निबंधाच्या विषयांचा साठा असेल, त्यातले गुळगुळीत झालेले बाजूला काढायला एक रविवार पुरेल.

प्रश्न : मुलगी शिष्यवृत्तीत आली म्हणून शाळेनं तिचा फोटो, पूर्ण नाव, इयत्ता आणि अभिनंदनासाठी माझा मोबाईल नंबर सुद्धा शाळेच्या पानावर टाकलाय. कौतुक आहे, पण अनोळखी फोन येतात. काढा म्हटलं तर वाईट दिसेल का?
— एक पालक, वाई

उत्तर : अजिबात वाईट दिसत नाही. मुलीचं अभिनंदन. आधी त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, नंबर आणि फोटो काढावा, कौतुक नुसत्या नावानं ठेवलं तरी चालेल. बहुतेक वेळा शाळेच्या लक्षातच आलेलं नसतं, सांगितलं की काढतात. काढल्यावरही काही दिवस गुगलच्या शोधात जुनं दिसत राहतं, त्यासाठी गुगलकडंच जुना मजकूर ताजा करायची विनंती करता येते, फुकट आहे. फोन करणारे मुलीबद्दल काही विचारत असतील तर नंबर लिहून ठेवा आणि पोलिसांना सांगा, 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन पण आहे. अर्ज दोन प्रतीत न्या आणि एकीवर शाळेचा शिक्का मारून पोच घ्या.